ब्रिटनच्या सुट्टीत काय खावं, कुठे खावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाकडे, लेकीकडे किंवा टूरबरोबर ब्रिटनला निघालेली मंडळी खाण्याबद्दल जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एक मत आधीच सांगते. ब्रिटनमधले पदार्थ त्यांच्या गावात आणि त्यांच्या वेळेला खाल्ले तरच कळतात. लंडनच्या स्टेशनवर घाईघाईत गार पेस्टी (सारण भरून भाजलेली करंजीसारखी) खायची आणि अख्ख्या देशाच्या खाण्यावर शिक्का मारायचा, हे त्या पदार्थांवर अन्याय करण्यासारखं आहे.

ब्रिटिश जेवण बेचव असतं म्हणतात. खरं का?

ही ख्याती दुसऱ्या महायुद्धाने दिली. जानेवारी १९४० मध्ये लोणी, साखर आणि बेकन यांचं रेशनिंग सुरू झालं, आणि रेशनिंग पूर्णपणे संपायला जुलै १९५४ उजाडला. युद्धकाळात दूध सरकारी ठरावाच्या एकाच प्रकारच्या चीजकडे वळवलं गेलं आणि गावोगावची किती तरी चीज बंद पडली. एक पिढी अंड्याच्या पावडरीवर आणि मोजक्या साखरेवर स्वयंपाक करायला शिकली. त्या काळात परदेशी माणसाने जे खाल्लं, तेच वर्णन पुढे चालत राहिलं.

आज गावागावांत जुन्या कृती पुन्हा जिवंत झाल्या आहेत. मसाला कमी असतो, हे मात्र खरं. लोणी, साय, चीज, बेरी आणि ओट्स यांची मूळ चव पुढे यावी, अशी ती रीत आहे. पहिले दोन दिवस जिभेला सपक वाटेल. तिसऱ्या दिवशी चांगल्या चेडरमधला खारट, किंचित आंबट पदर लागायला लागतो.

आठ-दहा दिवसांत खाण्यासाठी कुठला भाग निवडावा?

एकच निवडा. नैर्ऋत्येला डेव्हन आणि कॉर्नवॉल घेतलंत, तर पेस्टी, क्रीम टी, फज आणि वाटेत बाथ शहरातला सॅली लन बन मिळतो. उत्तरेला यॉर्कशर आणि लेक डिस्ट्रिक्ट घेतलंत, तर मासे, चीज, जिंजरब्रेड, मिंट केक आणि स्टिकी टॉफी पुडिंग. गोडाची आवड असेल तर मी डोळे झाकून उत्तरेकडचा भाग सांगेन. शाकाहारी असाल तरीही तोच, पण तिथे चिप्स विकत घेण्याआधी पुढचं एक उत्तर वाचा.

फिश अँड चिप्स कुठे खावेत? मागवायचे कसे?

समुद्रकाठच्या गावात, साध्या ‘चिप्पी’मध्ये, म्हणजे फिश अँड चिप्सच्या दुकानात. यॉर्कशरचं व्हिटबी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मासा मुख्यतः कॉड किंवा हॅडॉक. उत्तरेकडे हॅडॉकला पसंती जास्त, आणि माझी पसंतीही तीच, कारण त्याला गोडसर चव असते. काउंटरवर ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’ असं विचारतील, तेव्हा हो म्हणा. ते व्हिनेगर माल्टचं असतं आणि तळणीचा जडपणा तेच कापतं. सोबत मशी पीज, म्हणजे वाळवलेले मोठे वाटाणे भिजवून मऊ शिजवलेले. यॉर्कशरमध्ये ‘स्क्रॅप्स’ मागा. कढईत सुटलेला पिठाचा कुरकुरीत चुरा पुष्कळ ठिकाणी फुकट घालून देतात.

दुसऱ्या महायुद्धातही फिश अँड चिप्सवर रेशनिंग आलं नव्हतं. मिळेल तेवढ्या मासळीवर आणि तेलावर दुकानं चालत राहिली. कामगार वस्त्यांचा या पदार्थावर एवढा जीव का, ते यावरून कळावं.

धक्क्यावर बसून खाताना सीगल पक्ष्यांकडे लक्ष ठेवा. ते हातातला मासा खरोखर उचलून नेतात. भिंतीला पाठ लावून बसलेलं बरं. बऱ्याच चिप्पी दुपारी दोननंतर बंद होऊन साडेचार-पाचला पुन्हा उघडतात आणि रविवारी पुष्कळ ठिकाणी सुट्टी असते.

आम्ही शाकाहारी आहोत. नुसते चिप्स तरी चालतील ना?

विचारल्याशिवाय नाही. यॉर्कशर आणि उत्तरेच्या अनेक जुन्या दुकानांत तळण ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत होतं. दुकानदार ते अभिमानाने पाटीवर लिहितात. गोमांस वर्ज्य असलेल्या मांसाहारी मंडळींनीही हे लक्षात ठेवावं. दक्षिणेत वनस्पती तेल जास्त वापरतात, पण त्याच कढईत मासा तळलेला असतो. दोनच प्रश्न विचारा: कशात तळता, आणि चिप्ससाठी कढई वेगळी आहे का? लोक नीट उत्तर देतात, कुणी कपाळाला आठ्या घालत नाही.

गोड पदार्थांत मांसाहारी काय असणार?

दुर्दैवाने बरंच काही, आणि त्यातलं बहुतेक दिसत नाही. म्हणून हे उत्तर सगळ्यात लांब आहे.

पहिली गोष्ट सुएट. गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी किसून ती वाफवलेल्या पुडिंगांत घालतात. स्पॉटेड डिक, जॅम रोली-पोली आणि ख्रिसमस पुडिंग यांत ती परंपरेने असते. ख्रिसमसच्या मिन्स पायच्या सारणात हल्ली मांस नसतं, सुका मेवा, सफरचंद आणि मसाले असतात, पण सुएट असू शकतं. वनस्पतिजन्य सुएटही सर्रास मिळतं आणि दुकानातले अनेक मिन्स पाय पूर्ण शाकाहारी असतात, तेव्हा पाकीट वाचून खुशाल घ्या.

दुसरी गोष्ट जिलेटिन, म्हणजे डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ. जेली बेबीज, मार्शमेलो, अनेक वाइन गम्स, ट्रायफलमधला जेलीचा थर, काही चीजकेक आणि मूस यांत ते सापडतं. तिसरी गोष्ट लाल रंग. ‘ई १२०’ म्हणजे किड्यांपासून मिळवलेला कार्माइन. चौथी, पेस्ट्रीतलं लार्ड, म्हणजे डुकराची चरबी. पाय आणि पेस्टीच्या आवरणात ते असू शकतं.

ब्रिटनमध्ये चौदा ॲलर्जिकारक घटक पाकिटावरच्या यादीत ठळक अक्षरांत छापावे लागतात. अंडं, दूध, मासे, गहू, शेंगदाणे हे त्यांत येतात. जिलेटिन आणि सुएट त्या चौदांत नाहीत. त्यामुळे ठळक शब्दांवर नजर फिरवून ‘यात काही नाही’ असं ठरवू नका, पूर्ण यादी वाचा. बरं, ‘सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स’ असा शिक्का तिथे फार ठिकाणी असतो आणि त्यावर विसंबता येतं. फक्त त्यात अंडं चालतं. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून आधी बांधून ठेवलेल्या सँडविच-केकवरही संपूर्ण घटकयादी सक्तीची आहे.

आणखी एक छुपी जागा: वूस्टरशर सॉस. त्याच्या मूळ कृतीत अँकोव्ही मासे असतात. वेल्श रेअरबिट म्हणजे टोस्टवर वितळवलेलं चीज. शाकाहारी माणसाला अगदी जवळचा वाटणारा पदार्थ. पण त्या चीजमध्ये हा सॉस बहुधा मिसळलेला असतो.

अंडंही चालत नाही. मग काय उरतं?

उरतं ते चांगलं उरतं. शॉर्टब्रेडच्या पारंपरिक प्रमाणात एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, बस. फ्लॅपजॅक म्हणजे ओट्स, लोणी आणि गोल्डन सिरप यांची भाजलेली वडी. फज, स्कॉटलंडचं टॅब्लेट, मिंट केक, रॉक, हे सगळं साखर-दुधाचं किंवा नुसत्या साखरेचं. आणि क्रम्बल! खाली आंबटगोड सफरचंद किंवा रूबार्ब (आंबट देठांची भाजी), वर लोणी-मैदा-साखरेचा भुगा, आणि भट्टीतून निघालेलं गरमागरम. इंग्लंडच्या घरगुती गोडात माझ्या मते याला तोड नाही.

क्रम्बलबरोबर कस्टर्ड देतात. खऱ्या कस्टर्डमध्ये अंड्याचा बलक असतो, पण ‘बर्ड्स’ पावडरीच्या कस्टर्डमध्ये नसतो. १८३७ मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी ती पावडर शोधली ती बायकोसाठी, कारण तिला अंड्याची ॲलर्जी होती. पुण्याच्या वीकफील्डची कस्टर्ड पावडर वापरून आपण घरी फ्रूट सॅलड करतो, त्याचं मूळ या एका नवऱ्याच्या काळजीत आहे. हॉटेलात ‘पावडरीचं की अंड्याचं?’ एवढंच विचारा.

केक, ट्रीकल टार्ट, बेकवेल, स्टिकी टॉफी पुडिंग आणि मेरिंग घातलेलं ईटन मेस यांत अंडं धरूनच चाला. स्कोनला (जॅम-क्रीम लावून खायच्या छोट्या गोल बनला) वरून अंड्याचा हात फिरवलेला असतो, पुष्कळदा आतही असतं.

क्रीम टी, आफ्टरनून टी, हाय टी... नक्की काय मागवायचं?

क्रीम टी साधा आणि स्वस्त: स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम आणि चहाची किटली. आफ्टरनून टी म्हणजे तीन मजली तबक, खाली बोटभर लांबीची सँडविचेस, मध्ये स्कोन, वर छोटे केक. १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी दुपार ते रात्रीच्या जेवणामधली भूक भागवायला ही प्रथा रुजवली, असं मानतात. हाय टी हे मुळात कामकऱ्यांचं संध्याकाळचं पोटभर जेवण. पर्यटकांच्या जाहिरातींत मात्र तो शब्द भलत्याच ठिकाणी दिसतो.

माझा सल्ला: लंडनच्या बड्या हॉटेलातल्या तबकापेक्षा एखाद्या शेतावरच्या चहाघरात क्रीम टी घ्या. क्लॉटेड क्रीम तिथेच कळतं. मलई मंद आचेवर तासन्‌तास तापवून सावकाश गार केली की वर पिवळसर, जाड थर जमतो. आपल्या आजीच्या पातेल्यावरची साय आठवेल, फक्त तिच्याहून दाट आणि किंचित खमंग. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८ मध्ये संरक्षित नाव मिळालं आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो.

डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम, मग क्रीम. दोन्ही बाजू यावर हिरीरीने भांडतात. ज्या परगण्यात बसलात त्याची रीत पाळा. स्कोन कोमट असेल तर जॅम आधी लावलेला बरा, नाही तर क्रीम वितळतं.

शहरातच आफ्टरनून टी हवा असेल तर हॅरोगेटचं ‘बेटीज’ पाहा. १९१९ मध्ये फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईवाल्याने ते सुरू केलं. तिथला बदाम-चेरी लावलेला ‘फॅट रास्कल’ हा स्कोनचाच धष्टपुष्ट भाऊबंद.

लेक डिस्ट्रिक्टमध्ये एकच दिवस आहे. गोडाचं काय चुकवू नये?

ग्रासमिअरचं जिंजरब्रेड. सेरा नेल्सन यांनी १८५४ मध्ये ते करायला सुरुवात केली आणि चर्चच्या कुंपणाशी, पूर्वी गावची शाळा असलेल्या चिमुकल्या इमारतीत ते आजही विकलं जातं. बिस्किट म्हणावं तर मऊ, केक म्हणावं तर कोरडं, वर आल्याचा झणका देणारा भुगा. आल्यावर जीव असलेल्या मराठी माणसाला ते हमखास आवडतं. रांग दारापर्यंत असते, सकाळी लवकर जा. शेजारच्याच आवारात कवी वर्ड्‌सवर्थ यांची कबर आहे.

केंडल गावाचा मिंट केक १८६९ पासून प्रसिद्ध. नाव केक असलं तरी ती साखर, ग्लुकोज आणि पेपरमिंट तेलाची पांढरी वडी आहे. डोंगर चढणारे ती खिशात ठेवतात. २९ मे १९५३ रोजी हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले, तेव्हा तिथे त्यांनी हाच मिंट केक खाल्ला. सह्याद्रीत भटकणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी याहून योग्य भेट मला सुचत नाही.

तिसरं स्टिकी टॉफी पुडिंग. अल्सवॉटर तळ्याकाठच्या शॅरो बे हॉटेलात फ्रान्सिस कोल्सन यांनी १९७० च्या दशकात त्याला नाव मिळवून दिलं. आता कार्टमेल गाव त्यासाठी ओळखलं जातं. खजूर घातलेला ओलसर स्पंज आणि वर टॉफीचा सॉस. दोघांत एक घ्या. एकट्याने संपवायला गेलात, तर पुढची चढण चढवणार नाही.

कॉर्निश पेस्टी आणि आपला पॅटीस यांत फरक काय?

पेस्टीत सारण कच्चं भरतात आणि ते आवरणाच्या आत, स्वतःच्याच रसात शिजतं. गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद, वर मीठ-मिरी. २०११ पासून हे नाव संरक्षित आहे: आकार इंग्रजी ‘डी’सारखा, मुरड कडेला, मांस किमान १२.५ टक्के आणि पेस्टी कॉर्नवॉलमध्येच तयार झालेली. खाणकामगार ती जेवणाला घेऊन जात. गोमांस वर्ज्य असेल तर चीज-कांद्याची पेस्टी घ्या, तिला ‘कॉर्निश पेस्टी’ म्हणता येत नाही एवढंच. आवरणात लार्ड नाही ना, हे विचारून घ्या.

फुल इंग्लिश ब्रेकफास्ट शाकाहारी मिळतो का?

जवळजवळ सगळीकडे. बेकन-सॉसेजच्या जागी शाकाहारी सॉसेज येतं, बाकी भाजलेला टोमॅटो, मशरूम, बेक्ड बीन्स, अंडी आणि टोस्ट तेच. ब्लॅक पुडिंगला हात लावू नका, ते रक्ताचं असतं. हा नाश्ता भरपेट केला तर दुपारचं जेवण वाचतं.

मासे खाणाऱ्यांनी जुन्या हॉटेलात केजरी आहे का ते पाहावं. आपल्या खिचडीनेच ब्रिटिश अमलात विलायत गाठली आणि डाळ सोडून धुरी दिलेला हॅडॉक आणि उकडलेली अंडी जवळ केली.

संडे रोस्टला, म्हणजे रविवारच्या भाजलेल्या मांसाच्या जेवणाला, आम्हा शाकाहारींसाठी काही असतं?

नट रोस्ट, म्हणजे सुक्या मेव्याची भाजलेली वडी, असतं, पण खरा आनंद भाजलेल्या बटाट्यांचा आणि यॉर्कशर पुडिंगचा, म्हणजे मैदा-अंडं-दुधाच्या फुगवून भाजलेल्या बिनगोड वाटीचा. दोन्ही मांसाच्या चरबीत केलेली असू शकतात आणि नेहमीची ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. आरक्षण करतानाच सांगून ठेवा. रविवारी दुपारी बारा ते तीन हीच वेळ. चारला गेलात तर उरलंसुरलं मिळेल.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काय शोधावं?

स्कॉटलंडचं हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस, ओट्स आणि मसाले. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवशी, त्याचं समारंभपूर्वक जेवण होतं. १९८४ मध्ये एडिंबराच्या मॅकस्वीन कुटुंबाने डाळी-ओट्सचं शाकाहारी हॅगिस बाजारात आणलं आणि ते मिरपुडीने छान झणझणीत असतं. हॉटेलांत सहज मिळतं, जरूर खा. गोडात टॅब्लेट: साखर, लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क आटवून केलेली दाणेदार वडी, फजपेक्षा ठिसूळ.

वेल्समध्ये तव्यावर भाजलेले, करंट्स घातलेले वेल्श केक गरम असतानाच खावेत. कार्डिफच्या जुन्या मार्केटमध्ये ते डोळ्यांदेखत भाजून देतात. जेवणात ग्लॅमर्गन सॉसेज मागा. नाव सॉसेज असलं तरी ते केअरफिली चीज, लीक (पातीच्या कांद्यासारखी भाजी) आणि ब्रेडच्या चुऱ्याचं असतं.

मुलांना गोळ्या-चॉकलेटं हवीत. कुठे न्यावं?

समुद्रकाठी रॉक घेऊन द्या. ब्लॅकपूलची गुलाबी कांडी कुठेही मोडली, तरी आत गावाचं नाव दिसतं. साखरेच्या जाड लोळीत रंगीत अक्षरं आधी रचतात, मग ती लोळी ओढून ओढून बोटाएवढी बारीक करतात. मऊ आइस्क्रीमच्या कोनात चॉकलेटची कांडी खोचलेलं ‘नाइंटी-नाइन’ही तिथलंच सुख.

यॉर्कशरच्या पेटली ब्रिजमध्ये १८२७ पासूनचं गोळ्यांचं दुकान आहे, काचेच्या बरण्यांतून वजनावर देतात. बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिलला कॅडबरी वर्ल्ड आहे. कॅडबरी कुटुंब दारूला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं, त्यांनी वसवलेल्या त्या गावात दारूचा गुत्ता होऊ दिला नाही.

पुण्याची श्रूजबरी बिस्किटं तिथे मिळतील का?

श्रूजबरी हे श्रॉपशरमधलं खरंखुरं गाव आहे आणि तिथल्या बिस्किटांची ख्याती काही शतकांची. पण कॅम्पातल्या कयानी बेकरीचं बिस्किट डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. तिथल्या कृतींत लिंबाची साल, कॅरवे किंवा करंट्स असतात. लोण्याचा तो पुणेरी घमघमाट कयानीचाच.

कुठल्या महिन्यात काय मिळतं?

जानेवारी ते मार्च वेकफील्डच्या आसपास अंधाऱ्या शेडमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात काढलेलं कोवळं गुलाबी रूबार्ब. ईस्टरला हॉट क्रॉस बन आणि अकरा मार्झिपान गोळ्यांचा सिमनेल केक. जून-जुलैत स्ट्रॉबेरी आणि क्रीम. पाच नोव्हेंबरला, बॉनफायर नाइटच्या शेकोटीला, यॉर्कशरमध्ये ओट्स, आलं आणि काकवीचा पार्किन. आपली मंडळी बहुधा मे-जूनमध्ये जातात, त्यांनी स्ट्रॉबेरी सोडू नये.

पबमध्ये मुलांना, न पिणाऱ्यांना जाता येतं?

जेवण देणाऱ्या बहुतेक पबमध्ये सहकुटुंब जाता येतं. बारपाशी जाऊन टेबलाचा नंबर सांगून मागवायचं. नळाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं. गोडात मात्र विचारा: ट्रायफलमध्ये शेरी आणि ख्रिसमस पुडिंगमध्ये ब्रँडी असते. लंडनमध्ये बिलावर बहुधा १२.५ टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं, त्यावर पुन्हा टिप द्यायची गरज नाही.

इथून खाऊ काय न्यावा आणि तिथून काय आणावं?

पेढे, बर्फी, तूप, पनीर नेऊ नका. भारतातून दूध-मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला परवानगी नाही, ते विमानतळावर काढून घेतात. चिवडा, चकली, शंकरपाळी तेलातली असतील तर न्या.

येताना शॉर्टब्रेड डब्यातलं घ्या, पाकिटातल्याचा चुरा होतो. मिंट केक, रॉक, फज, टॅब्लेट सहज टिकतात. जॅम, मार्मलेड आणि लेमन कर्ड सुरक्षा तपासणीत पातळ पदार्थांत धरतात, म्हणून बरण्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. क्लॉटेड क्रीम आणायच्या भरीस पडू नका. ते तिथेच, कोमट स्कोनवर, दुसरा चमचा घेऊन संपवा.